एसएमईचे आर्म पुन्हा सुटे मिळतील का? ३००९ची सुरी तुटली आहे

टूलरूम_चिंचवड
७ मार्च २०२१

नमस्कार मंडळी. इथलं बरंच वाचत असतो, लिहितोय पहिल्यांदाच. जरा लांबण लागेल.

माझ्याकडे गॅरार्ड ४०१ हे टर्नटेबल आहे आणि त्यावर इंग्लंडच्या एसएमई कंपनीचा ३००९ सिरीज टू इम्प्रूव्ह्ड आर्म, म्हणजे सुई धरून तबकडीवर फिरणारा दांडा. दोन्ही सासऱ्यांचे. ते बोटीवर इंजिनरूममध्ये होते. १९७५ साली इंग्लंडहून येताना दोन खोकी घेऊन आले आणि लाकडी पाया इथल्या सुताराकडून सागाचा करून घेतला. तीनशेच्या आसपास तबकड्या आहेत, निम्म्याहून जास्त नाट्यसंगीत आणि ख्याल. ते गेल्यावर सासूबाईंनी सगळं रिक्षात घालून माझ्याकडे पाठवलं. म्हणाल्या, "घरात यंत्राला हात लावायची रीत तुम्हालाच आहे." मी चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, गेल्या वर्षी निवृत्त झालो.

दिवाळीनंतर आकुर्डीहून चिंचवडला घर बदललं. मी स्वतः मागचं वजन काढून वेगळं गुंडाळलं होतं आणि आर्म टेकूला दोऱ्यानं बांधला होता. खोक्यात नीट बसेना म्हणून सामान नेणाऱ्यांनी तो दोरा सोडला. नव्या घरी खोकं उघडलं तेव्हा आर्म खांबावर तिरका लोंबत होता. त्या रात्री मी जेवलो नाही, खोटं कशाला सांगू.

ज्यांनी हा आर्म आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आडवं फिरायला याला बॉल बेअरिंग आहे, पण वर-खाली हलायला नाही. सोनाराच्या जुन्या काट्याची दांडी जशी सुरीच्या धारेवर टेकते, तसा अख्खा आर्म एका धारेवर टेकलेला असतो. वर धार, खाली व्ही आकाराची खाच, बस्स. अगदी आधीच्या आर्ममध्ये ही सुरी पोलादाची होती, माझ्यातली प्लॅस्टिकची आहे. भिंगाखाली धरली तर डाव्या टोकाला तांदळाच्या कणीएवढा तुकडा उडालेला दिसतो. तेवढ्यानं आर्म एका अंगाला कलतो. तबकडीच्या शेवटच्या वळणांत 'स' फाटतो, आणि तोही डाव्या स्पीकरमधून जास्त.

आता प्रश्न. २०१९च्या डिसेंबरात एसएमईनं जाहीर केलं की यापुढे आर्म सुटे विकणार नाही, आमच्या टर्नटेबलबरोबरच देऊ. १९५९पासून जगभरचे लोक हे आर्म विकत घेऊन गॅरार्डवर, थॉरेन्सवर, घरी केलेल्या पायांवर बसवत आले. सासऱ्यांनी तेच केलं होतं. आणि हे बंद झालं नेमकं कधी, तर तबकड्यांचे दिवस पुन्हा आलेत तेव्हा. परवाच आकडे आले. अमेरिकेत २०२०मध्ये तबकड्यांची उलाढाल सुमारे ६२ कोटी डॉलर, सीडीची सुमारे ४८ कोटी. तबकडी सीडीच्या पुढे जाण्याची ही १९८६नंतरची पहिली वेळ.

शिवाय २०१६पासून ही कंपनी पुण्याच्या अजय शिर्के यांच्या कॅडेन्स समूहाकडे आहे. कॅडेन्सचे स्पीकर पुण्यात बनायचे, ते इथल्या काहींनी ऐकलेही असतील. त्यामुळे मला उगाच वाटतं की कधीतरी हे लोक विचार बदलतील.

तुम्हाला काय वाटतं? टेक्निक्सचं टर्नटेबल बंद होऊन परत आलं, तसं यांचं होईल का? थांबू, की दुरुस्तीला स्वतःच हात घालू?

---

गिरगावकर
७ मार्च २०२१

टूलरूमसाहेब, मनापासून स्वागत. मी लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत तीस वर्षं प्लेअर दुरुस्त केले. एचएमव्ही फिएस्टा प्लेअरची सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसते ती डबी) बदलून माझी बोटं तयार झाली, एसएमई हातात आले ते फार नंतर आणि मोजकेच.

तुम्ही टेक्निक्सचं नाव काढलंत म्हणून सांगतो, ती गोष्ट लोक अर्धीच सांगतात. एसएल-१२०० आला १९७२ला, एमके-टू १९७९ला. एकूण पस्तीस लाखांच्या वर नग विकले गेले. २०१०मध्ये बंद झाला आणि २०१६मध्ये परत आला. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण पहिला आला तो १२०० नगांचा मर्यादित जीएई, चार हजार डॉलरचा. जुन्या डाय झिजलेल्या, मोटर नव्यानं घडवलेली, आर्मची नळी मॅग्नेशियमची. नाव जुनं, यंत्र नवं. त्यातल्या त्यात स्वस्त मॉडेल यायला २०१७ आणि २०१९ उजाडलं. आणि मागे पॅनासॉनिकएवढी मोठी कंपनी होती म्हणून हे जमलं.

आता याच्या उलट उदाहरण घ्या. जपानची जेल्को, म्हणजे इचिकावा ज्वेल. १९२०ची कंपनी. कित्येक नामांकित टर्नटेबलांवर दुसऱ्याच्या नावाखाली यांचेच आर्म असायचे. मध्यम किमतीत सुटा आणि चांगला आर्म हवा असेल तर आम्ही डोळे मिटून जेल्को सांगायचो. गेल्या वर्षी शंभरी भरली आणि त्याच वर्षी कंपनी बंद झाली. कारणं त्यांनीच दिली: यंत्रं जुनी झाली, कामगार म्हातारे झाले, त्यात कोरोनाची साथ आली. मागणी नव्हती असं कुणी म्हणालं नाही. मागणी होती हो, ऑर्डरी पडून होत्या.

म्हणून माझं मत असं की परत येतात ते वरच्या टोकाचे आर्म. जपानच्याच साएकनं २०१९मध्ये डब्ल्यूई-४७०० काढला, त्यांच्या जुन्या ४०७/२३ची नवी आवृत्ती. तोही सुरीवर टेकणारा, दुहेरी सुरीचा. पण किंमत इथल्या छोट्या मोटारीएवढी. तुमच्यामाझ्यासारख्याच्या ३००९ची जागा असा आर्म घेणार नाही.

कार्ट्रिज कोणती आहे ते लिहा. अर्धा प्रश्न तिथे आहे.

---

टूलरूम_चिंचवड
७ मार्च २०२१

शुअर व्ही-१५ टाइप थ्री, सासऱ्यांचीच. सुई तेवढी जपानच्या जिकोची नवी घातली आहे. सुईचं तबकडीवरचं वजन सव्वा ग्रॅम.

---

गिरगावकर
८ मार्च २०२१

वाटलंच होतं. ही जोडी त्या काळी लग्न लावल्यासारखी असायची. तुमचा आर्म हलका, शुअरची सुई मऊ टांगणीची, म्हणजे सहज लवणारी. आर्मचं वस्तुमान आणि सुईची लवचिकता मिळून एक कंपन ठरतं. ते ८ ते १२ हर्ट्‌झच्या आसपास पडलं तर उत्तम, कारण त्याखाली वाकड्या तबकडीची हालचाल आणि वर संगीत. मऊ सुई जड आर्मवर लावली की हे कंपन खाली घसरतं आणि तबकडी जरा वाकडी असली तर आर्म पोहायला लागतो. उलट, साठच्या दशकापासून आजतागायत बनणारी डेनॉनची डीएल-१०३ कार्ट्रिज कडक टांगणीची आहे, तिला जड आर्म लागतो.

शुअरनं २०१८मध्ये कार्ट्रिजचं काम सोडलं. आज बाजारात येणाऱ्या बहुतेक कार्ट्रिज तुमच्या शुअरपेक्षा कडक असतात. म्हणजे उद्या एसएमईनं सुटे आर्म द्यायचं ठरवलं तरी सत्तरच्या दशकातला तुमचा हलका ३००९ ते पुन्हा काढणार नाहीत. काढले तर मधल्या वजनाचे. तुमच्याकडे आहे तो आर्म आणि ती शुअर हा संसार आता तुम्हालाच सांभाळायचा आहे.

---

सायलेंट_ग्रूव्ह
८ मार्च २०२१

काका, मी मूळची नाशिकची, सध्या इंग्लंडात ससेक्समध्ये. एसएमईचं गाव स्टेनिंग माझ्यापासून जवळ, साउथ डाउन्सच्या टेकड्यांच्या पायथ्याशी. गाव एवढंसं, हमरस्त्याला जुनी लाकडी चौकटीची घरं. मी प्रॉडक्शन इंजिनिअर आहे, वेगळ्या धंद्यात, पण सुट्या भागांच्या हिशेबात रोज असते.

तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. एसएमई म्हणजे मुळात स्केल मॉडेल इक्विपमेंट. अ‍ॅलिस्टर रॉबर्टसन-ऐकमन यांनी १९४६मध्ये लहान प्रतिकृतींचे भाग बनवायला काढलेली कंपनी. स्वतःच्या घरच्या प्लेअरला मनासारखा आर्म मिळेना म्हणून त्यांनी तो आपल्या कारखान्यात बनवला, बघणाऱ्यांनी मागितला, आणि १९५९मध्ये तो विक्रीला आला. तो टूलरूममधल्या माणसाचा आर्म आहे. पायाखालची सरकती पट्टी बघा. सुई पुढे-मागे करायला कार्ट्रिज हलवायची नाही, अख्खा आर्मच सरकवायचा. यंत्रावर जॉब सेट करणाऱ्यालाच हे सुचतं. आणि हेडशेल अडकवायची ती चार पिनांची कॉलर तर पुढे सगळ्या जगानं उचलली.

सुटे आर्म का बंद केले असावेत, यावर माझा आपला अंदाज. दहा ठिकाणच्या दहा पायांवर बसणाऱ्या आर्मची हमी देणं, प्रत्येकाला बसवायची मापं पुरवणं, आणि आर्म तेवढा घेऊन टर्नटेबल दुसऱ्याचं घेणाऱ्याशी स्पर्धा करणं, यापेक्षा पूर्ण यंत्र विकणं सोपं. गॅरार्डचं नावही २०१८मध्ये त्यांच्याकडेच आलं. जुने ३०१ नव्यानं बांधून, वर स्वतःचा बारा इंची आर्म बसवून देतात. म्हणजे आर्म बनतच आहेत, तिथले हात चालू आहेत. जेल्कोपेक्षा हे फार वेगळं आहे. बंद झालेला दरवाजा आणि पाडलेलं घर यात फरक असतो ना? म्हणून मी तरी 'कधीच नाही' म्हणणार नाही. पण त्या आशेवर तुमचा गॅरार्ड वर्षानुवर्षं मुका ठेवू नका.

आणि प्लॅस्टिकच्या सुरीला कमी लेखू नका. धातूवर धातू टेकला की बारीक खडखड उठू शकते, प्लॅस्टिक ती गिळतं. ब्राँझच्या सुऱ्या बाजारात मिळतात. अनेक जण त्या लावून खूश आहेत, काही जण परत प्लॅस्टिककडे आले.

---

कागलचा_विनायल
९ मार्च २०२१

काका नमस्कार. वय सव्वीस, तबकड्या चाळीस, अनुभव काहीच नाही. पण एक सांगा की, आपण कंपनीची वाट का बघायची? कोल्हापुरात इतक्या फाउंड्र्या हायत, शिरोलीत, गोकुळ शिरगावात पाहिजे तेवढी सीएनसी यंत्रं हायत. मोटारीचे भाग परदेशात जातात आपले. एक ३००९ उघडायचा, स्कॅन करायचा, शंभर नग काढायचे. मी स्वतः एका वर्कशॉपमध्ये प्रोग्रामिंग करतो. मालक तयार होतील असं वाटतंय. तुमच्यासारखं कुणी मार्गदर्शन केलं तर चालू करू या की!

---

टूलरूम_चिंचवड
९ मार्च २०२१

कागलकर, तुझा उत्साह बघून बरं वाटलं, खरंच. म्हणून तुला मनापासून उत्तर देतो.

नळी वळवता येईल. वजनं टर्न करता येतील. छिद्रांचं हेडशेल पत्र्याचं आहे, ते दाबता येईल. या गोष्टी तुझं यंत्र माझ्यापेक्षा चांगल्या करेल. अडेल ते टेकण्यापाशी. सुईवर सव्वा ग्रॅम वजन. एखाद्या वळणावर अडखळायला मिलिग्रॅममध्ये मोजावं एवढं घर्षण पुरतं. धार आणि खाच दोन्ही मापात आल्या तरी त्या एकमेकींना बसवाव्या लागतात, जोडी जोडीनं.

आमच्याकडे लॅपिंगला एक मामा होते. काचेवर पेस्ट घेऊन बसायचे, तळहाताच्या फुगीर भागानं जॉब फिरवायचे. गेज लावायच्या आधी जॉब नखावर टेकवून थांबायचे आणि म्हणायचे, "अजून दोन मिनिटं." गेज लावलं की दोन मिनिटांचंच काम उरलेलं असायचं. ते निवृत्त झाल्यावर चांगलं महागाचं मशीन आलं. ते शंभर नग मामांपेक्षा लवकर करायचं, पण जोडी बसवायला नग पुन्हा बाकावरच यायचे आणि मामांच्या हाताखाली शिकलेला एकच जण होता. तो मी नव्हतो. मी ग्राइंडिंगचा. मामांच्या शेजारी सहा वर्षं उभा राहिलो आणि शिकून घेतलं नाही, हे मला आज जास्त लागतं.

गिरगावकरांनी जेल्कोचं लिहिलं ते वाचल्यापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय. मी प्रश्नच जरा चुकीचा विचारला. मागणी आहे का, मालक कोण, याच्याआधी विचारायला हवं होतं की ती धार बसवणारा माणूस अजून बाकावर आहे का. सायलेंट ग्रूव्हताई म्हणतात तसं स्टेनिंगमध्ये आर्म बनत असतील तर तो माणूस तिथे आहे. जेल्कोत तो घरी गेला. तो असेपर्यंत सुटे आर्म परत येण्याची शक्यता मी धरून चालेन. तो गेला तर मग अख्खं जग तबकड्या घेऊ दे.

तू शंभर नगांचं मनात ठेव. त्याआधी एक सुरी कर. एकच. मीही करतोय, उद्यापासून.

---

कागलचा_विनायल
९ मार्च २०२१

काका, करतो. मापं पाठवा.

---

टूलरूम_चिंचवड
२१ मार्च २०२१

मंडळी, उशीर झाला. मधल्या काळात बुधवार पेठेत आणि भोसरीत चकरा चालू होत्या.

फॉस्फर ब्राँझचा तुकडा एका जुन्या सहकाऱ्यानं दिला. तुटक्या सुरीवरून मापं घेतली. तुकडा उडालेला असल्यानं उजव्या बाजूचं माप डावीकडे उलटवून धरलं. दोन्ही उतार त्याच सहकाऱ्याच्या ग्राइंडरवर काढले, धार मात्र घरी. खिडकीची जाड काच स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली, त्यावर बारीक पेस्ट. पहिल्या दिवशी पाऊण तास घासलं आणि धार मधोमध फुगली, कारण माझा दाब दोन टोकांना कमी पडत होता. तो नग गेला. दुसऱ्याला मामा जसं तळहातानं फिरवायचे तसं फिरवलं, आठाच्या आकड्यात. खाचेला निळा रंग चोळून वर सुरी टेकवली आणि उचलली; धार जिथे टेकते तिथेच रंग लागतो. पहिल्यांदा निळी रेघ दोन ठिकाणी तुटक. चौथ्यांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत केसासारखी सलग रेघ. बायकोला बोलावून दाखवली. तिनं चष्मा लावून बघितली आणि "आता हात धुवा" म्हणाली.

जोडल्यावर वजन सरकवून आर्म तरंगता केला, अँटी-स्केटिंगचा, म्हणजे आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेला, दोरा काढून ठेवला. मग हेडशेलवर पोस्टाचं एक तिकीट ठेवलं. आर्म सावकाश खाली गेला. तिकीट उचललं, परत वर आला आणि दोन-तीन झोके घेऊन तिथेच स्थिर झाला. जुन्या सुरीवर तो मध्येच कुठेतरी अडून राहायचा.

ताई, तुम्ही म्हणालात ती खडखड मी कान देऊन शोधली. तबकडीवरच्या दोन पदांमधल्या शांत जागेत मला ऐकू आली नाही, पण माझे कान एकसष्ट वर्षांचे आहेत, चौतीस वर्षं ग्राइंडरशेजारी गेलेले. मुलाला ऐकवलं, तोही नाही म्हणाला. तरी प्लॅस्टिकचा तुकडा मी जपून ठेवलाय. एखादा नायलॉनचा नगही करून बघणार आहे, म्हणजे आपल्याकडे दोन्ही एकाच आर्मवर ऐकल्याची नोंद राहील.

गिरगावकर, शुअर आहे तशीच ठेवली. तुमचं पटलं.

सासूबाई गुढीपाडव्याला येतायत. त्यांच्या आवडीची नाट्यसंगीताची तबकडी लावून बघितली. डावा-उजवा आवाज आता सारखा आहे. पण अगदी शेवटच्या पदात 'स' अजून किंचित टोचतो, आता दोन्हीकडून सारखा. म्हणजे सुरीचं काम झालं, सुईचा कोन राहिला. पायाखालची सरकती पट्टी मिलिमीटरभर पुढे घेतो आणि परत मोजतो.

कागलकर, तुझ्या सुरीचा निळ्या रेघेचा फोटो टाक. धारेचा नको, रेघेचा.